पानथरीच्या हद्दीवरचा पहारा

ज्या अवयवाला प्राचीन ग्रीक वैद्य गेलनने गूढाने भरलेला म्हटले आणि सुश्रुताने यकृताच्या जोडीने रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले, त्या प्लीहेची, म्हणजे आपल्या पानथरीची, शरीराला जरूर काय, याचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शल्यवैद्यांनी फारसा खल केला नाही. अपघातात ती फाटली, किंवा तिच्यात तांबड्या पेशींचा अतोनात नाश होऊ लागला, की ती काढावी, रुग्ण जगतो, एवढ्यावर त्यांचे समाधान होते. १९१९ साली मॉरिस व बुलक यांनी प्लीहाहीन उंदीर संसर्गापुढे लवकर बळी पडतात असे दाखविले होते. पण तो इशारा दप्तरी पडून राहिला, याची आजही हळहळ वाटते.

१९५२ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या किंग व शुमाकर यांनी पाच अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मजात रक्तक्षयासाठी त्यांच्या प्लीहा काढल्या होत्या. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि पुढे त्यांना संसर्गाने भयंकर रीतीने ग्रासले. असा रुग्ण सकाळी किरकोळ तापाने कण्हतो आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी हाती राहत नाही.

याचे कारण उलगडण्यास प्लीहेतील विशिष्ट पेशींचा शोध लागावा लागला. प्लीहेत पांढऱ्या व तांबड्या गराच्या सीमेवर एक अरुंद पट्टा असतो. रक्तप्रवाह तेथे मंदावतो आणि त्या हद्दीवर बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडे घडविणाऱ्या पांढऱ्या पेशी, जकातनाक्यावरील शिपायांप्रमाणे येणारे रक्त तपासतात. न्यूमोकोकससारख्या जंतूंवर शर्करेचे निसरडे कवच असते, भक्षकपेशींना ते सहजी पकडता येत नाही; या बी-पेशी मात्र टी-पेशींच्या हुकमाची वाट न पाहता आयजीएम प्रतिपिंडे सोडून ते कवच माखून टाकतात. मनुष्यात जंतूंना आवरणाऱ्या अशा आयजीएम स्मृतिपेशींना प्लीहेचा आधार लागतो, हे २००३ साली कार्सेट्टी आदी संशोधकांनी दाखविले. दोन वर्षांखालील बालकांत हा पहारा अपुरा असतो. म्हणूनच केवळ शर्करेची लस त्यांना लागू पडत नाही आणि प्रथिनाशी जोडलेली लस काढावी लागली.

आता फाटलेली प्लीहा शक्यतो राखतात आणि काढायचीच झाल्यास लस आधी टोचतात. विदर्भात व नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार असलेल्या मुलांत तर शस्त्र न लावताही तिचे काम मंदावू शकते, आणि त्यांच्या बाबतीत लसीचा व तापावरील तत्काळ उपचाराचा बंदोबस्त गावपातळीवरच असावा लागतो.