पूररेषा आणि सनावळी

मंडळी, सांगलीचा आयर्विन पूल 1929 सालचा. तिथे कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2005 साली पाणी 53 फुटांवर गेले, 2019 ला 57 च्या वर, 2021 ला पुन्हा 54 च्या पुढे. सोळा वर्षांत तीन महापूर!

नकाशातली निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणजे पूर येऊन गेला की 99 वर्षे निवांत, असे नव्हे. दरवर्षी शक्यता एक टक्का, एवढाच अर्थ. तोही जुन्या नोंदींवरून काढलेला. नोंदी वाढल्या की रेषा नव्याने आखायलाच हवी.

मी इतिहास शिकवला. सनावळी नुसती पाठांतरासाठी नसते, हे मुलांना सांगत असे. पुराची सनावळी तर घर कुठे बांधावे ते सांगते. भाचरांनो, जागा घेताना सातबाऱ्याबरोबर पूररेषाही बघा.