पाठींची भिंत

आमच्या निलंग्यात नीळकंठेश्वराच्या देवळाबाहेर कोरलेल्या बायांकडं बोट करून आजी म्हणायची, "ह्या कवाच्या नाचत्यात, पर दमत न्हाईत. आम्ही दमलो की गाणं म्हणायचो."

तिचं गाणं १९७२ च्या दुष्काळातलं. तळ्याच्या कामावर बायांची रांग, मातीचं घमेलं हातोहात वर चढायचं. दुपारी सुकडी, रात्री मिलोची भाकर. रांगेत एखादी पोटुशी असली, की घमेलं तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच गाण्याची लय संथ व्हायची. मुकादम ओरडायचा, पण गाण्याला कोण ओरडणार?

त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं. तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत लोक लगेच सांगतात. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, हे मात्र आठवून सांगावं लागतं. काही प्रयोगांनंतर ते बंद पडलं. थिएटर अकॅडमीनं १९७४ मध्ये पुन्हा उभं केलं, १९८० मध्ये युरोपात नेलं.

मी ते पुण्यात शिकताना पाहिलं. धोतर नेसलेल्या ब्राह्मणांची एक रांग. गात, डुलत उभी. तोंडं आपल्याकडं असली की ते पुणं. पाठी फिरल्या की भिंत. भिंतीआड नाना फडणवीस आणि घाशीरामाची कोवळी लेक. ना पडदा, ना नेपथ्य. मुळगुंदांनी माणसांना फक्त वळायला लावलं होतं, आणि एवढ्यावर अख्खं शहर गुन्ह्यात सामील झालं. इतकं कमी हलवून इतकं सांगणारा नाच मी तोवर पाहिला नव्हता.

सुट्टीत घरी आल्यावर ओसरीवर उभं राहून मी आजीला गोष्ट सांगत ती रांग करून दाखवली. डुलले, वळले, पाठ केली. शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं, "मग त्या पोरीचं काय झालं?"

"मेली."

तिचे हात थांबले.

"आमच्या रांगेत कुणी पाठ फिरवली असती," ती म्हणाली, "तर घमेलं शेजारणीच्या पायावर पडलं असतं गं."