अधिकाराचे शब्द आणि चौलचा किनारा

परभाषेंतील शब्द मराठींत आणतांना भाषांतरकारास जे हमखास फसवितात, त्यांत अधिकारवाचक शब्दांचा क्रम बराच वरचा आहे. स्पॅनिश भाषेचेंच उदाहरण घ्यावें. आपल्या ‘अधिकार’ या एका शब्दासमोर तेथें आउतोरिदाद, पोदेर, पोतेस्ताद व मांदो असे निदान चार शब्द उभे राहतात. आणि त्यांतील एक दुसऱ्याच्या जागीं सहसा चालत नाहीं. स्पॅनिशचा आणि आपल्या कोंकणकिनाऱ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो साठ वर्षांचा आहे.

आजच्या रायगड जिल्ह्यांत, चौलच्या खाडीच्या मुखाशीं, रेवदंड्यास पोर्तुगीजांनीं इ. स. १५२१ मध्यें पाय रोवला, तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीनें. पुढें १५८० त पोर्तुगालचा राजा निपुत्रिक वारला आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें त्या सिंहासनावर हक्क सांगितला. १५८१ त तोमार येथील सभेनें तो मान्य केला. १६४० पर्यंत दोन्ही राज्यांचा राजा एकच होता. एतावता या काळांत रेवदंड्याच्या कोटावर ज्याचें स्वामित्व, तो राजा स्पेनचा होता. १५९४ त निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर घेतला गेला, तोही त्याच राजाच्या कारकीर्दींत.

मग चौल स्पेनच्या अंमलाखालीं होतें काय? मुळींच नाहीं. पोर्तुगालचे कायदे निराळे राहतील व तेथील अधिकारपदें पोर्तुगीजांसच मिळतील, अशी कबुली फिलिपनें दिली होती. चौलचा कारभार गोव्याहून चाले. राजा स्पेनचा, अंमल पोर्तुगीजांचा. येथें दोहोंसाठीं एकच शब्द योजला कीं इतिहास खोटा ठरतो.

स्पॅनिश शब्दांचे भेद नेमके येथें उपयोगी पडतात. कायद्यानें प्राप्त झालेला हक्क तो पोतेस्ताद. अज्ञान मुलांवर आईबापांचा जो हक्क, त्यासही हाच शब्द लागतो. फिलिपचा चौलवरील हक्क या जातीचा. कोटांतील कप्तानाची सैनिकांवरील हुकमत ती मांदो. प्रत्यक्ष सामर्थ्य, मग तें राजाचें असो वा तोफेचें, तें पोदेर. आणि गंमत अशी कीं मुखत्यारपत्रालाही पोदेरच म्हणतात, कारण त्यानें एकाचें सामर्थ्य दुसऱ्याच्या हातीं जातें. निजामशाहानें पोर्तुगीजांस दिली ती परवानगी मात्र यांपैकीं कशांतच बसत नाहीं. तिच्यासाठीं लिसेन्सिया हा वेगळा शब्द आहे.

शब्दाची निवड म्हणजे पक्षाची निवड कशी होते, हें कार्ताझवरून कळतें. कार्ताझ म्हणजे पोर्तुगीजांकडून घ्यावयाचा दर्यावर्दी परवाना. तो जवळ नसला तर जहाज जप्त होण्याची भीति. पोर्तुगीज म्हणत, समुद्र आमच्या राजाचा, म्हणून हा आमचा हक्क. किनाऱ्यावरील व्यापाऱ्यास त्यामागें केवळ तोफ दिसे. एकाच कागदास एकानें पोतेस्ताद म्हणावें, दुसऱ्यानें पोदेर! भाषांतरकारानें येथें ‘अधिकार’ लिहिलें कीं त्यानें न कळत पोर्तुगीजांचा दावा मान्य केला.

उरला आउतोरिदाद. अनेकवचनीं तो सरकारी अंमलदारांस लागतो. पण त्याचा खरा गाभा म्हणजे मान, ज्यास आपण प्रामाण्य म्हणतों. स्पॅनिश अकादमीनें १७२६ ते १७३९ या काळांत सहा खंडांचा जो कोश काढला, तो ‘आउतोरिदादेस’चा कोश म्हणून प्रसिद्ध आहे, कारण त्यांत शब्दांस मान्यवर ग्रंथकारांच्या वचनांचा आधार दिला आहे. हा अधिकार तोफेनें मिळत नाहीं.

आपल्याकडे हा विवेक नव्हता असें नाहीं. १६७४ त रायगडावर शिवाजीमहाराजांस राज्याभिषेक झाला, आणि त्यांच्याच आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांत दरबारी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यांत आले. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. कामें बहुतेक तींच राहिलीं. पण तो अधिकार कोणत्या सिंहासनाकडून आला, हें शब्दांनींच बोलून दाखविलें. ज्यांस ही केवळ भाषाशुद्धि वाटते, त्यांस तिच्यांतील राजकारण दिसलें नाहीं असें आम्हांस वाटतें.

१७४० च्या तहानें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलीं. पोर्तुगीजांचा पोदेर गेला. पोर्तुगीज शब्दांवर वाढलेली मिश्र बोली मात्र कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतून आजही बोलली जाते. म्हणून ‘अधिकार’ हा शब्द लेखणीवर आला कीं तीन प्रश्न विचारावे: तो कोणाचा, कोणावर, आणि कोठून आला? कोश शब्दांची यादी देईल; या तीन प्रश्नांचीं उत्तरें इतिहासासच विचारलीं पाहिजेत.