मुंबईची तहान: विहारपासून गारगाईपर्यंत

१/ १८५४ साली मुंबईत पाऊस इतका लांबला की शहरातील गुरे माहीमकडे हलवावी लागली आणि माणसांसाठी बाहेरून पाणी आणावे लागले. १८४९च्या मोजणीत शहराची लोकसंख्या ५,६६,११९ भरली होती. एवढ्या माणसांची भिस्त विहिरी आणि तलावांवर होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आज केवळ नावे आहेत. तेव्हा तेथे खरोखरच पाणी होते.

२/ हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या वरच्या अंगाला बांध घातला गेला. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. लगेचच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि रोजगारासाठी माणसांचे लोंढे शहरात उतरले. १८६४च्या जनगणनेत आकडा ८,१६,५६२ वर गेला. विहार अपुरा ठरला. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा.

३/ यांतील तानसा हे खरे वळण. विहार आणि तुळशी साष्टी बेटावरचेच. तानसासाठी शहराने खाडी ओलांडून शहापूरच्या खोऱ्यात हात घातला. लोकसंख्या वाढली की निसर्ग तिला आवर घालतो, असे माल्थसने १७९८ मध्ये मांडले होते. मुंबईत माणसांच्या संख्येला आवर बसला नाही. पाण्याची हद्दच पुढे सरकली.

४/ नळाचे पाणी आले तसा घरच्या पाण्याचा मान गेला. १९११ मध्ये बेंटली यांच्या अहवालाने हिवतापाचे डास शहरातील विहिरींत वाढत असल्याचे दाखवले आणि पुढे अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. धार्मिक कारणांवरून पारशी आणि इतरांनी विरोध केला, तो सर्वत्र टिकला नाही. चर्चगेटजवळची १७२५ची भिका बेहराम विहीर मात्र आजही आहे.

५/ या तहानेची एक उपकारक बाजूही आहे, आणि ती सहसा सांगितली जात नाही. विहार-तुळशीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा गाभा तोच. मिठीच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. विहारच्या खाली तिचे गटार झाले आणि २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा, तिने शहराला आपले अस्तित्व दाखवले.

६/ स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. २०११च्या जनगणनेत मुंबईत सव्वा कोटीच्या आसपास माणसे होती. विहारचा वाटा आता तीन टक्क्यांच्याही आत आला आहे. पण सारा दोष डोक्यांच्या संख्येवर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही. पालिकेचा निकष वर्षानुवर्षे इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५ लिटर असा राहिला. शहर वाढले ते मुख्यतः दुसऱ्या गटातील माणसांच्या श्रमांवर.

७/ आणि शहापूर? तानसा, भातसा, मोडकसागर ज्या तालुक्यात, तेथील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकडे जाणारे अजस्र नळ त्यांच्या नजरेसमोरून जातात. पुढचे धरण गारगाई नदीवर, वाडा तालुक्यात योजलेले आहे. त्यासाठी तानसा अभयारण्याच्या जंगलातील लाखो झाडे आणि काही गावे पाण्याखाली द्यावी लागतील.