तापाचा कितवा दिवस

रक्ताच्या नमुन्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवर एक रकाना असतो: ताप कधी सुरू झाला? प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली तेवढी वर्षं मी आधी तोच बघायची. माकडतापाचा विषाणू आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत रक्तात सापडतो, तेव्हा पीसीआर करायची. पुढे विषाणू रक्तातून जातो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसू लागतात, तेव्हा एलायझा. तारीखच लिहिलेली नसेल तर ‘निगेटिव्ह’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. रकाना भरणारा गावात फिरतो, वाचणारा प्रयोगशाळेत बसतो. या दोघांनी एकमेकांचं काम हातानं करून शिकावं, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. माकडतापाचा शोध लागला तोच मुळी अशा कामातून.

साल १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणली. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते १९५२ मध्ये काढलं होतं. रॉकफेलरच्या लोकांनी दक्षिण अमेरिकेत पीतज्वरावर काम केलेलं. तिथे आधी जंगलात माकडं मरतात, मग माणसं आजारी पडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. भारतात पीतज्वर कधी आला नव्हता, पण तो पसरवणारा डास घरोघरी होता. त्यामुळे शिमोग्याची बातमी ऐकून पुण्यात काय धास्ती बसली असेल, याची कल्पना येते. केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क आणि प्राणिशास्त्रज्ञ हॅरल्ड ट्रॅपिडो यांच्या नावावर हा शोध लागला. त्यांच्यामागे राबलेल्या हातांची नावं मात्र फार थोड्यांना माहीत असतील.

ते काम काय होतं, ते जरा जवळून बघावं. मेलेलं माकड ताजं हवं; कुजलेल्याचा उपयोग नाही. म्हणजे लाकूडफाट्याला जाणाऱ्या गावकऱ्यानं वेळेवर खबर द्यायला हवी, आणि तो ती देईल इतका विश्वास आधी कमावलेला हवा. माकडाची चिरफाड करून अवयवांचे तुकडे निराळे काढायचे, थंड ठेवायचे आणि पुण्याला न्यायचे. तिथे ते वाटून दोन-तीन दिवसांच्या उंदराच्या पिलांच्या मेंदूत टोचायचे. मग रोज पिंजरे बघायचे: कोणतं पिल्लू दूध पीत नाही, कोणतं लुळं पडलं.

विषाणू मिळाला, पण तो पीतज्वराचा नव्हता. रशियातल्या जंगलांत गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो भाऊबंद निघाला. मग पांढरं फ्लॅनेल जंगलातल्या पाचोळ्यावरून ओढत न्यायची पाळी आली. थोडं अंतर गेलं की कापड उलटायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडांची पिल्लं चिमट्यानं एकेक उचलायची. खसखशीच्या दाण्याएवढी ती पिल्लं. जात ओळखायची, वाढीची अवस्था बघायची, जागा आणि तारीख लिहून कुपीत घालायची. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीवर बोट ठेवता आलं ते या चिठ्ठ्यांच्या जोरावर. एका कुपीवरची जागा चुकली तर वरचं सगळं शास्त्र चुकणार! या कामाची किंमतही मोजावी लागली; प्रयोगशाळेतल्या काहींनाही हा ताप आला.

रशियाच्या नात्यामुळे स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवरही संशय गेला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत सलीम अलींनी १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

या सगळ्यांचं शिक्षण झालं ते वरिष्ठांच्या हाताखाली. साथ शोधणाऱ्यांचं रीतसर प्रशिक्षण अमेरिकेत अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९५१ मध्ये सुरू केलं. दोन वर्षं प्रत्यक्ष साथींत काम करायचं आणि त्यातूनच शिकायचं. तळाला भोक पडलेला बूट हे त्यांचं चिन्ह, आणि ते मला मनापासून आवडतं. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २००१ मध्ये आला, दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ मध्ये. केनियानं २००४ मध्ये अभ्यासक्रम काढताना त्याच्या नावातच प्रयोगशाळेला जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे डॉक्टर साथ शोधायला जातात आणि तंत्रज्ञ नमुन्यांची वाट बघत बसतो, असंच मी बहुतेक ठिकाणी पाहिलं.

माकडताप २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आला आणि २०१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्गला. वानरं मेली आणि काजूच्या बागांत राबणारी माणसं आजारी पडली. नमुने गेले पुण्यालाच. व्हायरस रिसर्च सेंटरचं नाव १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं आहे.

काजूच्या हंगामात बाईला विचारा, ताप कधी आला? ती तारीख सांगत नाही. शिमग्याच्या आदल्या दिवशी अंग मोडून आलं होतं, बाजाराच्या दिवशी उठवेना, असं सांगते. यातला पहिला दिवस कोणता धरायचा? अंग मोडून आलं तो, की अंथरूण धरलं तो? तिथे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला माहीत असतं, की या दोन दिवसांच्या फरकानं चाचणी बदलू शकते. तो पुन्हा विचारतो, कॅलेंडर काढून तिच्याबरोबर दिवस मोजतो आणि फॉर्मवर तारीख लिहितो. प्रशिक्षणाला येणाऱ्यांकडून मी गोचिडांच्या फ्लॅनेलच्याही आधी हे करून घेते, डॉक्टर आणि तंत्रज्ञ अशी जोडी लावून.