समुद्राचा सरकारी राखणदार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणात गावागावाला राखणदार असतो. तो वेशीवर राहतो, रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि त्याचा मान राखला नाही तर कोपतो, असं लोक मानतात. त्याला पगार नसतो आणि त्याची बदलीही होत नाही. आज मी ज्या राखणदाराविषयी बोलणार आहे, त्याला पगारही आहे आणि बदलीही. तो सरकारी नोकर आहे आणि त्याच्या ताब्यात समुद्राचा एक तुकडा दिलेला आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. समुद्र कवितेत सहज मावतो, राजपत्रात मात्र मावत नाही. तरी १९८७ साली महाराष्ट्र शासनानं तो मावण्याजोगा केला. मालवणच्या समुद्रातला २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचा गाभा अवघा ३.१८ चौरस किलोमीटरचा; त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचे खडक येतात. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्याच्याच आसपास पाण्याखाली प्रवाळांची वस्ती आहे.

देशातला हा पहिला प्रयोग नव्हता. कच्छच्या आखातात १९८० साली सागरी अभयारण्य झालं आणि १९८२ साली देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. पुढच्या वर्षी अंदमानात वंडूर आणि १९८६ साली तमिळनाडूत मन्नारचं आखात. मालवण त्यांच्यामागून आलं.

मग हा समुद्र सांभाळायचा कुणी? उत्तर आलं, वनखात्यानं. ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण त्यामागे इतिहास आहे. ब्रिटिशांनी १८६४ मध्ये वनखातं उभारलं. डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख. रेल्वेच्या स्लीपरांना आणि जहाजांना लाकूड हवं होतं. ते मोजायचं, जपायचं आणि कापायचं, हे त्या खात्याचं मूळ काम. स्वतंत्र भारतात १९६६ साली भारतीय वनसेवा सुरू झाली आणि १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्याची अंमलबजावणी वनखात्याकडे गेली. त्यामुळे अभयारण्य डोंगरावर असो की दर्यात, कारभार त्याच खात्याचा. सागाचा घेर मोजायला शिकलेल्या माणसाला भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ करावं लागलं.

जंगलात हद्दीचे दगड रोवता येतात. समुद्रात दगड रोवायचा कुठे? तिथे अक्षांश-रेखांश असतात, नाहीतर तरंगणाऱ्या बोया. मासा तर त्या वाचत नाही. शिवाय एकाच पाण्यावर किती कचेऱ्या! मासेमारीचे नियम १९८१ च्या राज्य कायद्याप्रमाणे मत्स्यव्यवसाय खात्याकडे. बंदर आणि होड्यांची वाहतूक सागरी मंडळाकडे. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे. प्रवाळं आणि कासवं वनखात्याकडे. अभयारण्याच्या अधिकाऱ्याचा निम्मा दिवस या सगळ्यांना पत्रं लिहिण्यात जातो आणि हेही त्याचं कामच आहे.

पण खरी अडचण कचेऱ्यांची नव्हती, माणसांची होती. मालवणच्या किनाऱ्यावर गाबीत समाज पिढ्यान् पिढ्या मासेमारी करतो. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला दालदी आहेत, उत्तरेला कोळी. रापण ओढायला सारा वाडा किनाऱ्यावर उतरतो आणि मिळालेल्या माशांचे वाटे होतात. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचं नाही, हा निर्बंध या लोकांनी कायद्याच्या आधीपासून पाळला. आपल्याला न विचारता समुद्र अभयारण्य झाला, आता जाळी गुंडाळावी लागणार, या भीतीनं त्यांनी विरोध केला. तो विरोध मला अडाणीपणाचा कधीच वाटला नाही. बरीच वर्षं अभयारण्य कागदावरच राहिलं.

१९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. सागरी हद्दीतला भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, असं त्यात आलं. मालवणची घोषणा त्याच्या चार वर्षं आधीची! जो शब्द आधी द्यायला हवा होता, तो मागून आला. दर्यावरच्या माणसाला असा उशीर फार लागतो.

पुढे गोष्टी हळूहळू बदलल्या. २००१ साली प्रवाळांना आणि व्हेल शार्कला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं. २०१२ मध्ये राज्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि किनाऱ्यासाठी वनखात्याचं वेगळं अंग तयार झालं. वेंगुर्ल्यात बायकांच्या बचत गटानं कांदळवनाची सफर घडवायला सुरुवात केली. माझ्या मते सगळ्यात शहाणा निर्णय २०१८ च्या डिसेंबरातला. जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडला, तर जाळ्याची भरपाई म्हणून २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम द्यायची. जाळं म्हणजे त्या माणसाचं भांडवल. ते तो कापतो तेव्हा राखणदाराचं काम तोच करत असतो. सरकारनं एवढंच मान्य केलं.

ही नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना मार्ग मोकळा आहे. वनरक्षकाची भरती खातं करतं, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांसाठी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा असते, भारतीय वनसेवेसाठी केंद्राची. पण एक हिशेब लक्षात ठेवावा. बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका जागी साधारण तीन वर्षं मिळतात. गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. साहेब येऊन जाईपर्यंत त्याची वाढ तीन बोटांइतकीही होत नाही. स्कुबाच्या होडीचा एक नांगर चुकीच्या जागी पडला की कित्येक साहेबांची कारकीर्द मोडते.

म्हणून मला वाटतं, या खुर्च्यांवर किनाऱ्यावरची मुलं बसायला हवीत. गाबितांची, दालद्यांची, कोळ्यांची. वारा कुठून फिरला, पाण्याचा रंग का बदलला, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. कायदा आणि शास्त्र परीक्षेसाठी शिकता येतं. आणि बदली झाली तरी ती मुलं सुट्टीत घरी येतील ती याच किनाऱ्यावर.