वातरक्ताचें माप

मध्यरात्रीं अकस्मात् पायाचा अंगठा सुजावा, लालभडक व्हावा आणि पांघरुणाचा स्पर्शहि त्याला सोसूं नये, अशा एका व्याधीचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. वैद्य तिला वातरक्त म्हणतात, हकीम नक्रिस म्हणतात व डॉक्टर गाऊट म्हणतात. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असलेल्या नांदेड-लातूरकडील आम्हां लोकांना या तिघांचाहि परिचय जुनाच.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील २९ वा अध्याय सबंध याच रोगावर आहे. त्यांत याचें 'आढ्यवात' असेंहि एक नांव येतें. आढ्य म्हणजे श्रीमंत. सुकुमार, बैठे व मिष्टान्नप्रिय लोक याला बळी पडतात, हें निरीक्षण किती अचूक! परंतु रक्तांत नेमकें काय बिघडलें, हें मोजण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. हकिमांचें सुरंजान झटका शमवी. त्याच जातीच्या वनस्पतींतून १८२० सालीं पॅरिस येथें कोल्चिसिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तेंहि वेदना थांबवी, पण मूळ कारण जागच्या जागीं राही.

तें कारण सांपडण्यास फार काळ लागला. १७७६ सालीं शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला मूतखड्यांत यूरिक अम्ल आढळलें. १८४८ सालीं लंडनच्या गॅरॉडनें तें गाऊटच्या रोग्यांच्या रक्तांत दाखविलें. त्याची पुढील युक्ति मोठी गमतीची होती. रक्तरसांत थोडें अम्ल घालून त्यांत तागाचा धागा सोडावयाचा. धाग्यावर स्फटिक जमले, कीं रोग सिद्ध झाला! १९६६ सालीं अमेरिकेंत अॅलोप्युरिनॉल या औषधास मान्यता मिळाली. तें तयार करणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान लाभला.

औषध आलें, पण तें किती द्यावें? बहुधा एक ठराविक गोळी द्यावी आणि ठणका थांबला कीं रोग्यानें ती सोडावी, असाच प्रघात पडला. मला तर हें मुलगा किती तास पुस्तकासमोर बसला एवढेंच पाहून त्याला पास करण्यासारखें वाटतें. १०० मिलिलिटर रक्तरसांत यूरिक अम्ल सुमारें ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलें, कीं त्याचे स्फटिक सांध्यांत बसूं लागतात. तें ६ च्या खालीं ठेवलें, तर जुने स्फटिक हळूहळू विरघळतात. तेव्हां हा आंकडा गांठेपर्यंत मात्रा वाढवावी, असें एक मत झालें. उलट, या पद्धतीला पुरेसा पुरावा नाहीं, असें २०१७ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका मोठ्या संस्थेनें म्हटलें.

पुढल्याच वर्षीं नॉटिंगहॅमच्या ५१७ रोग्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परिचारिकांनीं रोग नीट समजावून सांगून मात्रा वाढवीत नेलेल्या गटांत, दोन वर्षांअखेर शेंकडा ९५ जणांनीं लक्ष्य गांठलें. नेहमींच्या उपचारांत शेंकडा ३० जणांनीं. यांतलें समजावून सांगणें मला गोळीइतकेंच मोलाचें वाटतें. कारण स्फटिक हालूं लागले कीं आरंभीं झटके वाढतात, आणि औषध बाधलें असें समजून रोगी तें टाकून देतो.

आतां घरच्या ताटाकडे वळूं. लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ. आणि गाऊट म्हटला कीं पहिली गदा येते वरणावर! २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत ४७,१५० पुरुषांची बारा वर्षें पाहणी केलेली होती. मांस व मासे यांनीं धोका वाढला; प्युरिनयुक्त भाज्या व कडधान्यें यांनीं वाढला नाहीं. बियरनें मात्र तो बराच वाढतो, असें त्याच संशोधकांना आढळलें. गरिबाच्या पानांतलें वरण काढून त्याचा पेला तसाच ठेवणें, हा कसला पथ्यविचार?

पाण्याची गोष्ट वेगळी. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें ज्या लातुरास पाणी पोंचवावें लागलें, तेथें भरपूर पाणी प्या हा सल्ला देणें सोपें, पाळणें कठीण. शरीरांतील पाणी घटलें कीं हें अम्ल रक्तांत दाटतें व झटक्यास निमित्त मिळतें. मूत्रपिंड आधींच दुबळें असेल, तर किती पाणी प्यावें आणि गोळी किती अल्प मात्रेनें सुरू करावी, हीं दोन्ही मापें डॉक्टरांनींच ठरवावयाचीं असतात.